कावळा, फांदी आणि प्लॅटिनम

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, ही म्हण आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. संस्कृत पंडितांनी याच गोष्टीला काकतालीय न्याय असे भारदस्त नाव देऊन ठेवले आहे. दोन घटना एका क्षणी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही, एवढाच तिचा बोध. परंतु म्हण पाठ असणे वेगळे आणि फांदी आपल्या डोळ्यांदेखत तुटून पडली असता कावळ्यावर आळ न घेणे वेगळे. बहुतेक वेळा आपण कावळा पकडतो आणि मोकळे होतो.

पुढे जी हकीगत सांगणार आहे ती एका विद्यापीठातल्या चार-सहा माणसांची आहे. त्यांच्यापुढे फांदी तुटली तेव्हा त्यांनी कावळ्याला सोडून दिले आणि दोन वर्षे फांदीच तपासली. त्या तपासणीतून कर्करोगावरील एक औषध जगाच्या हाती आले. फराळाच्या ताटाशेजारी या रोगाचे नाव कशाला, असे कुणी म्हणेल. आपल्या घरांतून हे नाव अजूनही दार लोटून, आवाज उतरवून घेतले जाते. पण ज्या गोष्टीचे नाव घ्यायला आपण भितो, तिच्याशी माणसे कशी झुंजली हे सणाच्या दिवशी वाचले तर बिघडते काय? नरकासुराची कथाही आपण याच दिवसांत सांगतो.

बार्नेट रोझेनबर्ग यांचा जन्म १९२६ सालचा, न्यू यॉर्क शहरातला. विद्येने ते भौतिकशास्त्रज्ञ. १९५६ साली न्यू यॉर्क विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १९६१ मध्ये ते अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या ईस्ट लान्सिंग या गावी, मिशिगन स्टेट विद्यापीठात आले. तेथे जीवभौतिकीचा, म्हणजे सजीवांकडे भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहणारा, एक नवा विभाग उभा राहत होता. रोगी, दवाखाना, औषध यांच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

शाळेत आपण सर्वांनीच एक प्रयोग केलेला असतो. कागदावर लोहकीस पसरायचा, खाली पट्टीचुंबक धरायचा आणि कागदाला हळूच टिचकी मारायची. कीस आपसूक रांगा धरतो. चुंबकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुरेख कमानी उमटतात. रोझेनबर्ग यांच्या डोळ्यांत त्या कमानी बसलेल्या होत्या. सजीवाची एक पेशी दुभंगून तिच्या दोन पेशी होतात, त्या वेळची छायाचित्रे त्यांनी पाहिली. पेशीच्या दोन टोकांपासून बारीक तंतू निघतात, मधोमध फुगतात आणि सगळ्याला चातीसारखा आकार येतो. रोझेनबर्ग यांना वाटले, हा तर लोहकीस! मग त्यांच्या मनात प्रश्न आला : पेशी दुभंगते त्यात विद्युत किंवा चुंबकीय बलाचा हात असेल काय? आणि असेल, तर बाहेरून विजेचे क्षेत्र लावल्यास त्या क्रियेत व्यत्यय येईल काय?

जीवशास्त्र रीतसर शिकलेल्या माणसाने हा प्रश्न विचारलाच नसता. ते तंतू प्रथिनांचे असतात, लोखंडाचे नव्हेत, असे म्हणून त्याने पुस्तक मिटले असते. आणि त्याचे बरोबरही ठरले असते. रोझेनबर्ग यांची कल्पना पुढे चुकीचीच निघाली. परंतु ती चुकीची आहे हे नक्की करण्यासाठी त्यांनी जे केले त्यातच सारा मौजेचा भाग आहे.

या कामात त्यांना लॉरेटा व्हॅन कॅम्प या बाईंची जोड मिळाली. सूक्ष्म जंतू वाढवण्याचे काम त्यांच्या हातात मुरलेले होते. माणसाच्या किंवा उंदराच्या पेशी वाढवणे जिकिरीचे. म्हणून उपकरण ठीक चालते की नाही हे पाहण्यापुरते आधी ई. कोलाय हे जंतू घ्यावेत असे ठरले. हे जंतू आपल्या आतड्यातले नेहमीचे रहिवासी. पोषक द्रव मिळाला की वीस-वीस मिनिटांनी एकाचे दोन होत जातात. काचेच्या पात्रात तो द्रव एकीकडून येत राही, दुसरीकडून जात राही, आणि आत जंतूंची दाटी कायम राही. विजेसाठी विद्युदग्रे हवीत. ती प्लॅटिनमची घेतली. प्लॅटिनम हा धातूंमधला मोठा सोवळा धातू. तो गंजत नाही, साध्या आम्लांना दाद देत नाही, कुणात मिसळत नाही. द्रवात बुडवून ठेवला तरी तो अलिप्त राहील, असे सर्वांप्रमाणे त्यांनीही धरून चालले.

वीज सुरू केली. काही वेळाने जंतूंमुळे गढूळ दिसणारा द्रव निवळू लागला. त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा जे दिसले ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. आखूड काड्यांसारखे ते जंतू शेवयांसारखे लांबच लांब झाले होते. काही तर मूळ लांबीच्या तीनशे पटींपर्यंत वाढलेले! जंतू जिवंत होते, वाढतही होते, मात्र दुभंगायचे थांबले होते. वीज बंद केली की काही काळाने त्या शेवयांचे पुन्हा तुकडे पडू लागत.

कावळा बसला, फांदी तुटली. कावळा उठला, फांदी पुन्हा जुळली. याहून भक्कम पुरावा आणखी कोणता हवा? शिवाय हे उत्तर रोझेनबर्ग यांच्या स्वतःच्या कल्पनेशी तंतोतंत जुळणारे. 'विजेने पेशींचे विभाजन थांबते' असा मथळा देऊन त्यांना तेव्हाच वाहवा मिळवता आली असती. आपल्या मनाविरुद्ध उत्तर आले तर आपण सगळेच गणित पुन्हा तपासतो. मनाजोगते उत्तर आल्यावर तपासणारा विद्यार्थी मात्र वर्गात विरळाच असतो. रोझेनबर्ग आणि व्हॅन कॅम्प यांनी ते तपासायला घेतले.

द्रव तापला म्हणून असे झाले काय? त्याची आम्लता बदलली काय? एकेक संशयित तपासून सोडून देण्यात आला. शेवटी त्यांनी एक साधी युक्ती केली. जंतू नसलेल्या नुसत्या द्रवातून वीज सोडली, वीज पूर्ण बंद केली, आणि मग त्या द्रवात जंतू घातले. तरीही शेवया तयार झाल्या! ज्या जंतूंना विजेचा स्पर्शही झाला नव्हता तेही दुभंगायचे थांबले. वीज निर्दोष सुटली. दोष द्रवात उतरलेल्या कशात तरी होता; आणि शोधता शोधता बोट आले ते त्या सोवळ्या धातूवर. विजेच्या संगतीने प्लॅटिनमचे सोवळे मोडले होते. दहा लाख भागांत दहाच्या आसपास, इतक्या सूक्ष्म प्रमाणात तो द्रवात विरघळला होता आणि द्रवातल्या अमोनियम क्लोराइडशी त्याने सोयरीक केली होती. रोझेनबर्ग, व्हॅन कॅम्प आणि टॉमस क्रिगस यांनी १९६५ च्या फेब्रुवारीत हे 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकात प्रसिद्ध केले. स्वतःचीच मूळ कल्पना मोडीत काढणारा तो निबंध होता.

आरोपीचे कुळ कळले, तरी चेहरा अजून कळला नव्हता. प्लॅटिनमचा क्षार बाटलीतून काढून ताजा ताजा द्रवात घातला तर जंतू मरत. शेवया होत नसत. तेच द्रावण काही दिवस उजेडात फळीवर राहिलेले असले, की मात्र शेवया होत. म्हणजे प्रकाशाने त्यात काही फेरफार होत होता. इथे भौतिकशास्त्राची आणि जंतुशास्त्राचीही हद्द संपली आणि रसायनज्ञाचे दार ठोठवावे लागले. अँड्र्यू टॉम्सन या इंग्रज रसायनज्ञाने तो गुंता सोडवायला हातभार लावला.

गुंता काय होता, हे समजायला आपला चौरंग पुरेल. मधोमध प्लॅटिनमचा अणू आहे आणि चौरंगाच्या चार कोपऱ्यांवर चौघे बसले आहेत : दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन. दोन्ही क्लोरीन समोरासमोरच्या, म्हणजे तिरक्या कोपऱ्यांवर बसले तर एक पदार्थ होतो; शेजारशेजारच्या कोपऱ्यांवर बसले तर दुसरा. माणसे तीच, संख्या तीच, फक्त बसण्याची जागा निराळी. पहिल्या पदार्थाने काही झाले नाही. दुसऱ्याने जंतूंच्या शेवया केल्या. या शेजारशेजारच्या बैठकीला रसायनज्ञ 'सिस' म्हणतात, आणि त्यावरूनच पुढे औषधाचे नाव पडले : सिसप्लॅटिन.

कथाकादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला पुढील तपशील विशेष चटका लावतो. हा पदार्थ नवा नव्हताच. मिकेले पेरोने या इटालियन रसायनज्ञाने तो १८४४ साली जर्मनीतल्या गीसेन येथे तयार केला होता. पिवळी भुकटी, 'पेरोनेचे क्लोराइड' असे नाव. पुढे १८९३ साली आल्फ्रेड वेर्नर यांनी अशा पदार्थांच्या चौरंगी रचनेचा उलगडा केला आणि त्या सिद्धान्तासाठी १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळवले. म्हणजे सव्वाशे वर्षांच्या आसपास हे औषध रसायनशास्त्राच्या पुस्तकात पडून होते. जे पुस्तक वाचत त्यांना रोगी भेटत नव्हते, आणि जे रोग्यांच्या उशाशी बसत ते हे पुस्तक उघडत नव्हते. दोन घरांमध्ये एकच भिंत होती. पण त्या भिंतीला दार नव्हते.

आम्ही मास्तर मंडळी शाळेचे वेळापत्रक लावतो : पहिला तास गणिताचा, दुसरा विज्ञानाचा, तिसरा मराठीचा. घंटा झाली की एक विषय संपतो आणि दुसरा सुरू होतो. सोयीसाठी केलेली ही वाटणी हळूहळू मुलांना सृष्टीचीच वाटणी वाटू लागते. रोगाने मात्र आमचे वेळापत्रक पाहिलेले नसते. त्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांतले अंतर ठाऊक नसते. ईस्ट लान्सिंगच्या मंडळींनी मोठे शहाणपण केले ते हे की, आपली घंटा झाली म्हणून त्यांनी दप्तर आवरले नाही. ते शेजारच्या वर्गात गेले आणि 'पुढचे तुम्ही सांगा' म्हणाले.

विभाजन थांबवणारा पदार्थ हाती आला तेव्हा पुढला विचार आपोआप सुचणारा होता. कर्करोग म्हणजे तरी काय? शरीरातल्या काही पेशी ताळतंत्र सोडून दुभंगतच राहतात. मग त्यांच्यावर हा पदार्थ चालेल काय? १९६८ साली गाठी वाढवलेल्या उंदरांना तो टोचून पाहिला. गाठींची वाढ थांबली. पुढे, मोठ्या झालेल्या गाठींवर तो दिला तर त्याही ओसरून गेल्या. जेम्स ट्रॉस्को आणि व्हर्जिनिया मन्सूर यांच्यासह रोझेनबर्ग व व्हॅन कॅम्प यांनी १९६९ साली 'नेचर'मध्ये ते जाहीर केले. हा पदार्थ करतो काय, हे पुढे उलगडत गेले. पेशीच्या आत शिरल्यावर दोन क्लोरीन गळून पडतात. चौरंगाच्या शेजारशेजारच्या दोन जागा मोकळ्या होतात आणि त्या दोन जागांनी प्लॅटिनमचा अणू पेशीच्या डीएनएला चिमटा घातल्यासारखा धरून बसतो. चिमट्यात सापडलेली पोथी पेशीला नीट उतरवून घेता येत नाही. ती दुभंगू शकत नाही आणि अखेर मरते.

उंदीर बरे झाले म्हणजे माणसे बरी झाली असे नव्हे. शिसे, पारा, सोमल यांच्या विषारीपणाचा अनुभव वैद्यकाला जुना होता. जड धातू रोग्याच्या शिरेत सोडायचा म्हटल्यावर डॉक्टर बिचकले, यात त्यांचा दोष नाही. १९७१ च्या सुमारास रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा भीती खरी ठरली. गाठी वितळत, पण मूत्रपिंडे निकामी होत. ओकाऱ्या तर अशा की अनेकांना रोग परवडला पण औषध नको असे होई. हे औषध तिथेच बाद व्हायचे.

त्याला वाचवले ते पाण्याने. न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयात एस्तेबान स्वित्कोविच आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, औषधाच्या आधी आणि नंतर शिरेतून भरपूर सलाइन दिले आणि लघवी वाढवणारे मॅनिटॉल जोडीला ठेवले, तर मूत्रपिंडांची हानी पुष्कळ टळते. १९७७ साली ते प्रसिद्ध झाले. आजही सिसप्लॅटिन घेणाऱ्या रुग्णाच्या खाटेशेजारी सलाइनची बाटली तासन् तास टांगलेली असते, ती याचसाठी. ओकाऱ्यांवर चांगला इलाज यायला मात्र १९९० नंतरची वर्षे उजाडली.

या कहाणीतला सर्वांत आनंदाचा अध्याय इंडियाना विद्यापीठातला आहे. पुरुषांच्या अंडकोशाचा कर्करोग हा विशेषेकरून तरुणांचा रोग. शरीरभर पसरल्यानंतर त्यातून दहांतला एखादाच वाचत असे. १९७४ साली लॅरी आइनहॉर्न या तरुण डॉक्टरांनी, जॉन डोनह्यू या शल्यचिकित्सकाच्या सहकार्याने, अशा रुग्णांना सिसप्लॅटिनसह तीन औषधे एकत्र देण्यास आरंभ केला. बाकीची दोन कोणती, तर व्हिनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिन.

यांपैकी व्हिनब्लास्टिनचे माहेर आपल्या अंगणातच आहे म्हणा ना. ते निघते सदाफुलीच्या झाडापासून. जमैका बेटावर या झाडाच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. ती पाने कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात पोचली. रॉबर्ट नोबल यांनी तो अर्क उंदरांना देऊन पाहिला. साखर तसूभर हलली नाही. मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर कमी झाल्या. इथेही कावळा एक आणि फांदी दुसरी! मधुमेहाचे औषध सापडत नाही म्हणून पाने फेकून देता आली असती. नोबल यांनी चार्ल्स बिअर या रसायनज्ञाला जोडीला घेतले आणि १९५८ साली व्हिनब्लास्टिन वेगळे काढले. रक्ताचा कर्करोग म्हणजे पांढऱ्या पेशींचाच अनावर सुळसुळाट. त्यामुळे 'पांढऱ्या पेशी कमी होतात' या नको असलेल्या उत्तराचे मोल त्यांनी ओळखले. तिसरे औषध, ब्लिओमायसिन, जपानमधील हमाओ उमेझावा यांनी मातीतल्या एका सूक्ष्म जंतूपासून मिळवलेले होते.

धातू, फूल आणि माती. तीन देशांतल्या तीन प्रयोगशाळांनी आपापल्या वाटेने शोधलेल्या या तीन गोष्टी इंडियानापोलिसमध्ये एका खाटेशी एकत्र आल्या. १९७७ साली आइनहॉर्न आणि डोनह्यू यांनी ४७ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतल्या बहुसंख्य जणांच्या शरीरात रोगाचा मागमूस उरला नव्हता. १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकी सरकारने सिसप्लॅटिनला मान्यता दिली. पुढे या त्रयीत व्हिनब्लास्टिनची जागा दुसऱ्या औषधाने घेतली. परंतु प्लॅटिनम राहिले. पसरलेल्या अवस्थेतही या रोगातून आता दहांतले आठ जण बरे होतात.

मात्र या औषधाला संजीवनी समजू नये. ते सर्व कर्करोगांवर चालत नाही. चालते तेथेही गाठी कधी कधी त्याला न जुमानण्याची विद्या शिकतात. ते कानाची ऐकण्याची शक्ती हिरावते, हातापायांना मुंग्या आणते. त्याच्या धाकट्या भावंडाचा, कार्बोप्लॅटिनचा, जन्म लंडनमध्ये झाला तो मूत्रपिंडांना होणारा त्रास कमी करण्याच्याच खटपटीतून.

हे सारे दूरदेशीचे झाले, आपल्याला त्याचे काय, असे मात्र कुणी समजू नये. आपल्याकडे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने पुष्कळ बायका जातात. घरातल्या सर्वांचे झाल्यावर स्वतःकडे पाहण्याची त्यांची रीत. त्यामुळे दुखणे अंगावर काढून त्या दवाखान्यात येतात तेव्हा रोग फार पुढे गेलेला असतो. अशा वाढलेल्या अवस्थेत किरणोपचार देतातच. त्याच्या जोडीला दर आठवड्याला सिसप्लॅटिन दिले तर काही अधिक लाभ होतो काय, की नुसता त्रासच वाढतो? परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने या प्रश्नाचा छडा लावायचे ठरवले. २००३ ते २०११ या काळात तेथे ८५० स्त्रियांना या अभ्यासात घेण्यात आले. निम्म्यांना केवळ किरण, निम्म्यांना किरण आणि सिसप्लॅटिन. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. केवळ किरण घेतलेल्या शंभर जणींपैकी सुमारे ४४ जणी पाच वर्षांनंतर रोगमुक्त होत्या; सिसप्लॅटिन घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे ५२.

फरक आठांचा. मथळ्यात घालण्याजोगा हा आकडा नव्हे. इथेही मनाजोगते उत्तर गृहीत न धरता, आठ वर्षे रुग्ण गोळा करून आणि पुढे कित्येक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवून ते मिळवावे लागले. ज्या बायकांनी त्या अभ्यासाला होकार दिला त्यांना रोझेनबर्ग हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. रोझेनबर्ग २००९ साली वारले, तेव्हा तो अभ्यास चालूच होता. कागदावरच्या लोहकिसाची आठवण होऊन एका भौतिकशास्त्रज्ञाने विचारलेला चुकीचा प्रश्न जंतू जाणणारीच्या, रसायनज्ञाच्या आणि डॉक्टरांच्या हातून अशा रीतीने परळपर्यंत येऊन पोचला.

ही सारी योगायोगाची लीला असे म्हणून हात जोडणारे पुष्कळ भेटतात. योगायोग होता हे खरेच. पण योगायोगाने फक्त फांदी तुटली. कावळ्याला सोडून देणे, तुटलेली फांदी उचलून घरोघर दाखवत हिंडणे आणि 'हे लाकूड कशाच्या उपयोगी पडेल?' असे ज्याला त्याला विचारणे, हे योगायोगाने होत नाही. ते माणसांनी केले. शंभरांतल्या त्या जास्तीच्या आठ घरांत आज पणती लावायला ती बाई आहे. आठ हा आकडा लहान आहे की मोठा, हे त्या घरांना विचारावे.